पांढरा रनर

बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली एक तिरकी जागा उरते. एरवी लोक तिथे झाडू आणि मोडक्या खुर्च्या कोंबतात. या इमारतीत तिथे मावशीचं दुकान आहे, चेन दुरुस्तीचं. दप्तराची चेन, जॅकेटची, प्रवासी बॅगेची, बुटाची. एकदा इस्पितळाच्या माणसाने शवागारातली पिशवी आणली होती, तीही तिने करून दिली. "आतल्याला काही घाई नव्हती," म्हणाली, "पण नातेवाइकांसमोर अर्ध्यात अडकली तर बरं दिसत नाही."

दुकानात उभं राहिलं की डोकं पायरीला आपटतं, म्हणून गिऱ्हाईक असो की साहेब, सगळ्यांनी स्टुलावर बसायचं. डोक्यावरून दिवसभर पावलं जातात. मावशी मान वर न करता सांगते, हा दातांच्या डॉक्टरकडे चाललाय, पाय उचलत नाहीये. ही साहेबाची नजर चुकवून पळतेय, चपला हातात आहेत.

पूर्वी ती बॅगांच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडत घरी गेल्या, हिने चेनच्या रनरचे डबे उचलले. चेनवर जो तुकडा वरखाली सरकतो, त्याला धंद्यात रनर म्हणतात. लोक म्हणतात चेन गेली. बहुतेक वेळा चेन शाबूत असते, रनर ढिला झालेला असतो. मावशी तो बदलते, दातांवर मेणबत्ती घासते, दोनदा वरखाली करून बघते आणि वर चार शब्द सुनावते. "बॅगेत एवढं कोंबू नये बाई. बॅग आहे, सासर नाही."

नवरा ट्रकवर होता. एक दिवस गेला तो आलाच नाही. हरवला का, असं कुणी विचारलं की मावशी म्हणायची, "हरवलेला माणूस दाढीचं सामान घेऊन जात नाही."

तिचं तोंड कधी बंद नसायचं, आणि पुढचं सगळं त्या तोंडामुळेच घडलं.

मशीनची सुई तिच्या अंगठ्यातून आरपार गेली होती. जखम भरली, पण अंगठा वळेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने रबरी चेंडू दाबायला दिला. मावशीने तो परत केला. "चेंडूशी खेळायला मी काय कुत्रं आहे?" मग तिच्या भाचीने, जी एका कंपनीत गिऱ्हाइकांचे फोन घेते, तिला जुना टॅब दिला आणि त्यात कोंबड्यांचा खेळ टाकून दिला. लाकडी घर, खुराडं, भाजीचे वाफे, रंगीत कोंबड्या. अंधार पडला की झाडीतून कोल्हा येतो. खुराड्याची कडी लावायची राहिली तर एक कोंबडी उचलून नेतो.

मावशी खेळायची आणि सोबत बोलायची. "ए तांबडे, अंडं देताना एवढा आरडाओरडा? तुझ्या आईनं काय बँड लावून दिलं होतं?" भाचीने तिला न विचारता खेळ आणि आवाज असा व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकला. लोक हसले. मग चॅनलच झालं. मावशीचं तोंड कधी दिसायचं नाही, पडद्यावर नुसत्या कोंबड्या आणि मागे तिचा आवाज. मधेच धंद्याची जाहिरात: "चेन खराब झाली तर बाजारात जिन्याखाली या, उगाच नवी बॅग घेऊ नका." भांडी घासताना, इस्त्री करताना बायका ऐकायला लागल्या.

मी तिच्याकडे गेले ती माझ्या भोंग्याची पिशवी घेऊन. मोर्चात ओरडायचा भोंगा, त्याच्या पिशवीची चेन तुटली होती. आमची संघटना बायकांची आहे. शाळेने मला लवकर सोडलं, बाकीचं मी रस्त्यावर शिकले, आणि ते कमी नाही. मावशीने पिशवी बाजूला ठेवली आणि टॅब माझ्या नाकाखाली धरला.

"मोर्चावाले, हे वाच. मला वाटलं ही खेळाचं विचारतेय. मी लिहिलं, कुत्रा पाळ."

व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं: मावशी, आमच्याकडे कडी आतून लावली तरी कोल्हा येतो. त्याच्याकडे किल्ली आहे.

मी खाली खाली वाचत गेले. आणखी बायका होत्या. आमचा कोल्हा आज घरीच आहे, नंतर बोलते. कोल्ह्याने हात धरला होता, दोन दिवस लाटणं उचलत नाही. माझ्या कोल्ह्याला शेजारी देवमाणूस म्हणतात. आणि मावशी प्रत्येकीला खेळातलं उत्तर देत होती. कुंपण घाल, दिवा लाव, दुसऱ्या कोंबड्यांजवळ झोप.

नवरा बायकोच्या फोनमधले मेसेज चाळतो, नंबर चाळतो, फोटो चाळतो, आणि वर स्वतःला मर्द म्हणवतो. पण कोंबड्यांच्या खेळाखाली काय लिहिलंय ते कोण बघतो? या बायकांनी भिंतीत असलेली एकुलती एक फट शोधली होती, आणि त्या फटीजवळ बसलेल्या बाईला वाटत होतं की आपण खेळाचे धडे देतोय.

"मावशी," मी म्हटलं, "ही कोंबड्यांची गोष्ट नाही."

तिने टॅब ओढून घेतला आणि सगळ्या ओळी पहिल्यापासून पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, "आणि मी तिला कुत्रा पाळ म्हणाले."

किल्लीबद्दल लिहिणाऱ्या बाईने नाव घेतलं होतं पांढरी कोंबडी. आम्ही तिला पांढरी म्हणायचो. ती आपल्या शाळकरी मुलीच्या अकाउंटवरून लिहायची, कारण तिचा स्वतःचा फोन रोज संध्याकाळी तपासला जायचा. मुलीचा फोन तो अजून बघत नव्हता. रोज दुपारी ताज्या व्हिडिओखाली ती कोंबडीचं एक पांढरं चित्र टाकायची. त्याचा अर्थ, अजून आहे. चित्र येईपर्यंत मावशी मेणबत्ती घासत राहायची, गरज नसलेल्या चेनवरसुद्धा.

हळूहळू बेत ठरला. तिचा नवरा आठवड्यातून एक दिवस कामासाठी बाहेरगावी जायचा. दिवस दर वेळी वेगळा. त्या दिवशी पांढरीने मुलीला घेऊन गिऱ्हाईक म्हणून दुकानात यायचं. तिथून पुढे माझी गाडी आणि आमच्या संघटनेची खोली. मी तिचा पत्ता विचारत होते, ती सांगत नव्हती. मी चिडले. मला चिडायला फार लागत नाही. मावशीने मला गप्प केलं. "जोरात ओढलीस तर चेनचे दात उडतात. थांब. ती सरकतेय ना, सरकू दे."

मग पांढरीने लिहिलं: दिवस कळवते. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी निघणार नाही. मागे एकदा निघाले होते, जिच्याकडे गेले तिने दार उघडलं नाही. परत आल्यावर काय झालं ते लिहीत नाही.

मावशीने उत्तर दिलं: दार उघडं आहे. दिवस सांग.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"मोर्चावाले, सगळ्या गेल्या."

मी धावत गेले. व्हिडिओ होते, कोंबड्या होत्या, खालच्या सगळ्या बायका पुसल्या गेल्या होत्या. त्या जागी एक करडी ओळ: हा व्हिडिओ मुलांसाठी आहे. टिप्पण्या बंद आहेत.

भाची कामावरून थेट आली, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिने समजावून सांगितलं. प्रत्येक व्हिडिओ कोणत्या वयासाठी आहे ते ठरवावं लागतं. आपण ठरवतो, पण व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीचं यंत्र ते बदलू शकतं. यंत्राने रंगीत कोंबड्या पाहिल्या आणि ठरवलं, लहान मुलांचं आहे. लहान मुलांच्या व्हिडिओखाली कुणाला काही लिहू देत नाहीत. पोरांशी कुणी भलत्यासलत्याने बोलू नये म्हणून.

"लहान मुलांचं?" मावशी म्हणाली. "मी काय बोलते ते ऐकलं तरी का त्या यंत्राने?"

"ते बघतं, मावशी. फार ऐकत नाही."

"नवऱ्यासारखं."

भाचीने कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की ते माणसाने वाचलं नाही हे शेंबड्या पोरालाही कळावं. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो, व्हिडिओचं वयाचं रेटिंग योग्य आहे. मी आयुष्यात साहेबांच्या दारात बसले आहे, पोलीस ठाण्याच्या फरशीवर बसले आहे, मंत्र्याच्या गाडीपुढे बसले आहे. ज्या कंपनीला दारच नाही, तिच्यापुढे बसायचं कुठे?

आणि तिकडे पांढरी. तिने दिवस कळवला असेल का? कळवायला गेली आणि ती करडी ओळ पाहिली असेल का? तिला काय वाटलं असेल? मला माहीत होतं काय वाटलं असेल. पुन्हा एका दाराने कडी घातली.

तेव्हा मावशीने ती चूक केली. तिच्या जागी मी असते तर मीही तीच केली असती, किंबहुना मीच तिला भरीला घातलं.

"यंत्राला वाटतं मी पोरांची मावशी आहे," ती म्हणाली. "थांब, दाखवते त्याला."

तिने नवा डाव लावला आणि पदर खोचल्यासारखा आवाज लावला. कोल्हा झाडीतून बाहेर आला आणि मावशीने त्याच्या सात पिढ्या काढल्या. "मुडदा बसवला तुझा, भाड्या, ये, ये पुढे!" आणि त्यापुढचं मी इथे लिहिणार नाही, छापखानेवाल्याला अजून तोंड दाखवायचं आहे. खेळात लाकडं फोडायची कुऱ्हाड असते. ती घेऊन ती कोल्ह्यामागे धावली. कारखान्यात, रस्त्यावर, नवऱ्याच्या ट्रकमध्ये जे जे ऐकलं होतं ते सगळं त्या कोल्ह्यावर ओतलं. मी आणि भाची तोंडात बोळे घालून हसत होतो. बऱ्याच दिवसांनी हसत होतो.

यंत्राने या वेळी ऐकलं. संध्याकाळच्या आत रेटिंग बदललं. फक्त प्रौढांसाठी. आणि टिप्पण्या उघडल्या!

बायका धावत आल्या. मावशी, कुठे होता? मावशी, आमच्या कोल्ह्याला पण घाला एक. मावशी वाचत होती, डोळे पुसत होती, बोटाने खाली खाली सरकवत होती. पांढरं चित्र नव्हतं.

"येईल," मी म्हटलं. "दुपारचीच येते ना ती."

दुसरी दुपार गेली. चित्र नाही.

भाची स्टुलावर बसली होती. एकदम तिचा चेहरा उतरला. "मावशी. ती मुलीच्या अकाउंटवरून येते."

"मग?"

"मुलगी शाळकरी आहे. हा व्हिडिओ प्रौढांसाठी झालाय. तिला तो दिसणारच नाही. दार सगळ्यांना उघडलं, फक्त तिला सोडून."

मावशीचा हात मेणबत्तीवर थांबला.

"आणि अजून एक," भाची म्हणाली, आणि मला तिथेच कळलं की हे जास्त वाईट आहे, कारण ती आमच्याकडे बघत नव्हती. "मुलांचं अकाउंट कधीकधी आईबापाच्या फोनला जोडलेलं असतं. मुलाने प्रौढांचा व्हिडिओ उघडायचा प्रयत्न केला की पालकाला सूचना जाते. प्रत्येक वेळी जातेच असं नाही. पण जाते."

पालक म्हणजे कोण, ते कुणी बोललं नाही.

डोक्यावरून कुणीतरी जिना उतरत होतं. सावकाश, एकेक पायरी. तो कोण, हे मावशीने सांगितलं नाही. ती त्या पावलांकडे कान लावून बसली होती, मीही. पावलं खाली आली, बाजारात गेली, मिसळली. एक म्हातारा होता, दातांच्या डॉक्टरकडचा, गालावर हात धरलेला.

"मी तिचा काटा काढला," मावशी म्हणाली. "माझ्या तोंडाने."

तो शिव्यांचा व्हिडिओ भाचीने तिथल्या तिथे काढून टाकला. पण सूचना गेली असेल तर ती कोण काढणार? मी ओळखीच्या पोलीसबाईला फोन लावला. नाव नाही, पत्ता नाही, कोंबडीचं चित्र आलं नाही म्हणून गाडी पाठवू? असं ती म्हणाली, आणि खरं सांगायचं तर मला तिला शिवीसुद्धा देता आली नाही.

वाट काढली मावशीनेच. ती कुणाशी न बोलता बॅगा शिवत होती आणि मधेच म्हणाली, "पोरांच्या व्हिडिओखाली लिहिता येत नाही. अंगठा दाबता येतो का? आवडलं म्हणायचा?"

"येतो," भाची म्हणाली.

"तिच्या मुलीला तो दिसतो?"

"दिसतो."

"मग होऊ दे मला पोरांची मावशी."

तिने एका बैठकीत आठवड्याच्या प्रत्येक वाराचा एक व्हिडिओ केला. सोमवारच्या कोंबड्या, मंगळवारच्या कोंबड्या, असे. आवाज असा गोड लावला की मला तिच्या जिवाची काळजी वाटली. प्रत्येकात तेच सांगितलं: "बाळांनो, आज कुणी अंगठा दाबायचा नाही हं. नुसतं बघायचं. फक्त पांढऱ्या कोंबडीनं दाबायचा, आणि तोही एकाच वारावर. कोल्हा ज्या वारी गावाला जातो, त्या वारावर. मग मावशी दार उघडं ठेवेल. हो म्हणायला मावशी येईल."

ती हो कशी म्हणणार होती, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

यंत्राने शिक्का मारला, मुलांसाठी योग्य. आता आम्ही आकड्यांकडे बघत बसलो. माझ्या हाकेला मोर्चात निम्म्या बायका उशिरा येतात, निम्म्या येतच नाहीत. पण त्या दिवशी शेकडो बायकांनी ते व्हिडिओ पाहिले आणि एकीनेही बोट लावलं नाही. सगळीकडे शून्य. शून्याखाली शून्य. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एवढी शिस्तीची सभा मी पाहिली नाही.

मग बुधवारवर एक अंगठा आला.

मावशीने माझा हात पकडला. आणि थोड्या वेळाने गुरुवारवरही एक.

"दोन कसे?" मी म्हटलं. "एक कुणीतरी पोरगं असेल. पोरं ऐकतात होय?"

"कुठला पोराचा?"

कुणाला ठाऊक. आम्ही ठरवलं, दोन्ही दिवस बसायचं.

बुधवारी मी सकाळपासून दुकानात होते. गाडी मागच्या गल्लीत. मावशी बोलत होती, भीतीने जास्तच बोलत होती. तेवढ्यात एक माणूस वाकून आत आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ, नमस्कार केला. स्टुलावर बसला आणि मांडीवर एक निळं दप्तर ठेवलं.

"मुलीचं आहे," म्हणाला. "चेन गेलीय."

मावशीने दप्तर घेतलं. तोंड उघडलं, आणि मग तिची नजर रनरवर गेली आणि तोंड मिटलं. तिने दप्तर किंचित माझ्याकडे फिरवलं. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही दिसलं. रनर झिजला नव्हता, आपणहून सुटला नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना पकडीचे ओरखडे होते, ताजे, चकचकीत. कुणीतरी पकड लावून तो मुद्दाम उपटला होता. चेन बिघडली म्हणून हा माणूस दुकानात आला नव्हता. दुकानात यायचं म्हणून त्याने चेन बिघडवली होती.

"किती वेळ लागेल?" त्याने मावशीला विचारलं.

मावशी गप्प.

"बाई, किती वेळ?"

त्याला आवाज हवा होता. तो आवाज ऐकायला आला होता. कोंबड्यांच्या मागचा, जिन्याखाली या म्हणणारा. मावशीला हे माझ्याआधी कळलं होतं.

"ती बोलत नाही," मी म्हटलं. "मुकी आहे. जन्माची."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला. "अच्छा. मला वाटलं, आत येताना बोलण्याचा आवाज आला."

"माझा होता. मी दोघींचं बोलते."

"चांगलं आहे," तो म्हणाला. "घरात एक तरी मुकी असावी. करा, मी थांबतो."

तो थांबला. दुकानभर नजर फिरवत बसला: डबे, मेणबत्ती, भिंतीवरची बॅग. टॅब मावशीच्या मांडीखाली होता, मला त्याचा कोपरा दिसत होता. आयुष्यभर ज्या बाईचं तोंड बंद झालं नाही, ती खाली मान घालून दप्तर धरून बसली होती. मधे सुई बोटात घुसली. ती ओरडलीसुद्धा नाही. बोट चोखलं आणि पुढे सुरू.

तिने रनरचा डबा उघडला. निळे रनर वरच होते, मूठभर. तिने ते बाजूला सारले, तळाशी बोट घालून एक पांढरा काढला, आणि गुडघ्याने डबा बंद केला.

तिने हो म्हणायची जागा शोधली होती.

पांढरा रनर निळ्या दप्तरावर चढला. मेणबत्ती घासली. वरखाली, वरखाली. दप्तर त्याच्यापुढे धरलं.

"पांढरा?" तो म्हणाला. "निळ्या दप्तराला पांढरा कशाला?"

"निळे संपलेत," मी म्हटलं. "नको असेल तर काढून देते. मग तसंच उघडं न्या."

त्याने बोटाने रनर ओढला. मग मावशीकडे पाहिलं, बराच वेळ, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "कोल्हा आला!"

मावशीच्या पापणीचा केस हलला नाही. ती मेणबत्तीचे कण झटकत राहिली. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"काही नाही. मुलीच्या खेळातलं." तो उठला, डोकं पायरीला आपटणार नाही असा बरोबर वाकला, आणि गेला. पावलं डोक्यावर गेली नाहीत. बाहेरही लगेच गेली नाहीत. दुकानाशेजारी उभी राहिली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, खरी मुकी कोण आणि खोटी कोण ते आता सांगता आलं नसतं. मग चपला सरकल्या.

गुरुवारी मावशीने दुकान उघडू नये असं मला वाटत होतं. तो घरी दप्तरासोबत काय घेऊन गेला असेल, या विचाराने मी झोपले नव्हते. "उघडायचं," ती म्हणाली. "दार उघडं आहे असं मीच लिहिलंय."

दुपार उलटली. भाची गाडीत बसली होती. येणारा प्रत्येक शर्ट मला इस्त्रीचा दिसत होता. मग समोरच्या खांबाजवळ एक बाई उभी राहिलेली दिसली. शेजारी मुलगी. बाई आत येत नव्हती. आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती आणि एक पाऊल मागे घेत होती. तिने मावशीला कधी पाहिलंच नव्हतं. तिच्याकडे फक्त आवाज होता. आणि मावशी कालपासून धड बोलली नव्हती.

"बोल," मी कुजबुजले. "मावशी, बोल, ती निघून जाईल."

मावशीने तोंड उघडलं. आवाज फुटेना. नुसती हवा. तिने थुंकी गिळली, पुन्हा प्रयत्न केला. बाईने मुलीचा हात धरला आणि पाठ वळवली. पाठीवर दप्तर होतं, निळं. त्यावर पांढरा रनर.

"ए पांढरे!" मावशी ओरडली. फाटका, चिरका आवाज, पण तोच. "बाहेर काय उभी राहतेस गं बये! आत ये, कडी लावायचीय!"

मुलगी आधी वळली. मग आई. ती आत आली आणि वाकायची विसरली, डोकं पायरीवर आपटलं. मी शटर खाली ओढलं. भर दुपारी, अंधारात, आम्ही चौघी.

डोक्यावर पावलं आली. सावकाश. मधल्या पायरीवर थांबली. पांढरीने मुलीचं तोंड दाबलं आणि स्वतःचंही. मावशीने कान वर केला. बोलली नाही, गालाला हात लावून दाखवलं, दातवाला. पावलं वर गेली.

गाडीत मी पांढरीला विचारलं, बुधवारी अंगठा का दाबलास?

"मी फक्त गुरुवारी दाबला," ती म्हणाली. "तेव्हा त्याने मुलीचा फोन काढून घेतला नव्हता." मग तिला कळलं मी काय विचारलं, आणि तिने मागच्या काचेतून पाहिलं, आणि गाव संपेपर्यंत पाहत राहिली.

चार दिवसांनी तो पुन्हा दुकानात आला. शर्टाला इस्त्री नव्हती. बूट, बॅग काही आणलं नाही. मावशी मुकी. समोरचा घड्याळवाला म्हणाला, जन्माची मुकी, मी लहानपणापासून बघतोय. वरच्या दातांच्या डॉक्टरनेसुद्धा सांगितलं, तिला जीभच नाही. संपूर्ण बाजार एकमताने खोटं बोललेला मी तेवढा एकदाच पाहिला. तेव्हापासून दुकानात मावशी बोलत नाही. गिऱ्हाईक आलं की बोटांनी वेळ सांगते. नवे लोक तिला मुकी मावशी म्हणतात. दिवसभराचं साठलेलं बोलणं ती घरी जाऊन कोंबड्यांना ऐकवते, आणि यंत्र अजून म्हणतं, मुलांसाठी योग्य. जिन्याखाली या, असं मात्र आता ती कुणाला सांगत नाही.

पांढरी आता कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नाही. पहिल्या खोलीतून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, आणि तिसऱ्या जागेचा पत्ता आम्हीच मागितला नाही. माहीत नसलेलं कुणी आपल्याकडून उपटून काढू शकत नाही, पकड लावली तरी. राहिली ती फक्त खूण. अंगठ्याची खूण आम्ही केव्हाच बदलली, म्हणून इथे लिहिली. कोल्हे वाचत असतील तर वाचोत. नवी खूण काय ते मी मेले तरी सांगणार नाही.

एवढंच सांगते की ती खूण रोज दुपारी येते. आता दुपार उलटून गेली आहे. मावशी समोर बसली आहे, हातात मेणबत्ती, एकच चेन वरखाली करतेय. नेट नसेल, असं तिने बोटांनी सांगितलं. मी मान हलवली. नेटच नसेल.